जागची न हलणारी गाडी

मी भोसरीत एका कंपनीच्या स्टोअर्सला आहे. आलेला माल उतरवून घ्यायचा, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचं आणि दिवसभर 'मॅडम, ते बुश कुठं ठेवलेत?' याला उत्तरं द्यायची. रात्री पोरगी झोपली की लॅपटॉप उघडते आणि ड्वार्फ फोर्ट्रेस नावाच्या खेळात पुन्हा तेच करत बसते. नवरा म्हणतो, "अगं, तिकडे ओव्हरटाइम तरी देतात का?"

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सात बुटके घेऊन डोंगरात शिरायचं, खणायचं, किल्ला वसवायचा. टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांचा हा खेळ २००६ पासून फुकट मिळतो, पण त्यात सगळं अक्षरांतच दिसतं. चित्रं असलेली विकतची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आली, तेव्हा मी शिरले. बुटक्याला हाताला धरून चालवता येत नाही. आपण काम सांगून ठेवायचं, ज्याला सवड असेल तो उचलतो.

आणि कामातलं काम म्हणजे हमाली. एक बुटका, एक दगड, एक खेप. माझ्या पहिल्या किल्ल्यात दगडकामाचं वर्कशॉप वर आणि खाण अठ्ठावीस मजले खाली. कारागीर स्वतःच दगड आणायला निघायचा, अर्ध्या वाटेत तहान लागली की काम टाकून दारूच्या पिंपाकडे वळायचा. एका टेबलाला किती दिवस लागले ते विचारू नका.

२०१२ पासून या खेळात एकचाकी हातगाड्या आणि माइनकार्ट, म्हणजे रुळांवरच्या छोट्या खाणगाड्या, आहेत. मी आधी माइनकार्टवर भाळले. खाणीतून उताराचे रूळ कोरले, सहज दोन मौसम गेले. पहिलीच गाडी उतारावर अशी काही सुटली, की वळणावर रूळ सोडून सरळ गेली आणि समोरून येणाऱ्या सुताराचा पाय मोडून गेली. गाडी ढकलून सोडण्याऐवजी कुणीतरी धरून न्यायची, म्हणजे 'गाइड' निवडायचं, हे मला नंतर कळलं. पण एका माइनकार्टमध्ये मावतात फक्त पाच दगड. पाच दगडांसाठी एवढा खटाटोप! मी रुळांचा नाद सोडला आणि वर्कशॉपच खाली खाणीच्या तोंडाशी नेलं. कंपनीतही मालाचा रॅक उत्पादनाच्या लाइनजवळ नेला की निम्मी वणवण थांबते, मग हे इथं सुचायला एवढा वेळ का लागला कोण जाणे.

माइनकार्टचा खरा उपयोग तिला जागेवर बसवून होतो. आधी नकाशावरच्या दोन-तीन चौकोनांचा एक छोटा साठा, म्हणजे माल ठेवायची जागा, करायचा, त्यात फक्त दगड. त्याला लागून ट्रॅक स्टॉप, म्हणजे गाडी थांबवून माल ओतायची जागा, बांधायचा, आणि माल कुठल्या बाजूला ओतायचा ते बांधतानाच ठरवायचं. मग तिथं हॉलिंगचा, म्हणजे मालवाहतुकीच्या मार्गाचा, एकच थांबा, त्यावर एक लाकडी माइनकार्ट, आणि 'या साठ्यातून घे' अशी जोडणी. गाडी सुटण्याच्या अटी असतील तेवढ्या काढून टाकायच्या. म्हणजे बुटका दगड गाडीत टाकतो, गाडी तो लगेच शेजारच्या चौकोनावर ओतते, आणि त्या एका चौकोनावर कितीही दगड मावतात. खेळणारे याला क्वांटम स्टॉकपाइल म्हणतात. काही जण लबाडी म्हणतात. असेल, पण मला जागा वाचवायची खोडच आहे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा ओतायची बाजू पूर्वेऐवजी पश्चिम ठेवली गेली होती. पश्चिमेला काय, तर तोच छोटा साठा. उरिस्त नावाचा बुटका साठ्यातला ग्रॅनाइट उचलतोय, गाडीत टाकतोय, गाडी तो परत साठ्यात ओततेय, आणि तो बिचारा वाकून तोच दगड परत उचलतोय. अख्खा हिवाळा! मला वाटत होतं, काय छान चाललंय, सगळे कसे कामात आहेत.

दुसरी चूक मात्र बरेच जण करतात. माल जिथं ओतला जातो त्या चौकोनावरही दगडाचाच साठा आखावा लागतो, आणि तो फक्त जोडलेल्या ठिकाणाहूनच घेईल असं ठेवावं लागतं. साठा नसला तर दगड बेवारस समजून हमाल पुन्हा छोट्या साठ्यात नेतात. नुसता साठा आखून मर्यादा घातली नाही, तर एखादा हमाल दगड घेऊन थेट तिथंच येतो आणि गाडी बाजूला राहते.

हातगाड्यांचं एक सांगते. जड दगडाला त्या हव्यातच, पण साठ्याला जितक्या नेमाल तितकेच जण एका वेळी त्या साठ्यासाठी माल आणतात. एकच नेमली आणि चाळीस जण रिकामे फिरत असले तरी माल आणणारा एकच. अंतर कमी असेल तिथं मी हातगाडी काढून टाकते, सगळे धावतात. सोन्याच्या खनिजाला मात्र ठेवते, ते भलतंच जड.

परवा नवऱ्याला तो एक चौकोन दाखवला. म्हणाला, "एका फरशीवर एवढे दगड? तुमच्या ऑडिटरला चालेल?" नाही चालणार. पण हिशेबनीस त्या खेळातही असतो, आणि तो कामाला लागेपर्यंत शिल्लक अंदाजेच दिसते. त्यामुळे किल्ल्यात सगळ्यात आधी मी त्याला खोली आणि खुर्ची देते, सरदाराची सोय नंतर.