तिसरी फ्लॉपी
धरमपेठेतील घराच्या माळ्यावरून काढलेल्या जुन्या संगणकावर आज विंडोज ९८ बसवले. हे यंत्र सीडीवरून थेट सुरू होत नाही, त्यामुळे आधी १.४४ एमबीच्या बूट फ्लॉपीने (संगणक सुरू करून देणाऱ्या चुंबकीय तबकडीने) सीडी-रॉमचा ड्रायव्हर, म्हणजे सीडी वाचता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम, चढवावा लागतो. दोन फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. तिसरी, खरखरत का होईना, वाचली गेली. एफडिस्क (हार्ड डिस्कचे भाग पाडणे) आणि फॉरमॅट (ते भाग वापरण्याजोगे करणे) आटोपल्यावर, सीडी जिथे असायला हवी त्या डी ड्राइव्हवर सेटअप सापडेना, म्हणून मी तासभर सीडीलाच दोष देत बसलो. प्रत्यक्षात ती फ्लॉपी रॅममध्ये एक तात्पुरता ड्राइव्ह तयार करते आणि सीडीचे अक्षर एकाने पुढे, म्हणजे ई वर सरकते, हे मी साफ विसरलो होतो. आईने कूलर लावून दिला (नागपूरच्या या उन्हात मला माझ्यापेक्षा त्या हार्ड डिस्कचीच काळजी अधिक). दिवेलागणीला पडद्यावर विंडोज ९८ सुरू होतानाचे ते ढग उमटले.