काळी पाचचं युगुलगीत

जेवणं आटोपून जरा डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या इमारतीत कुणीतरी कॅरिओकीवर ‘एंडलेस लव्ह’ लावतं. सुरुवात पुरुषाची, ती बरी जाते. मग बाई येतात, दोघं मिळून वर चढू लागतात आणि एकाचा तरी आवाज फाटतो. बिचाऱ्यांच्या गळ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घोळ पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरला त्याचा आहे.

मूळ गाणं काळी पाचमध्ये आहे, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी त्याचा सा. अमेरिकन गायक-गीतकार लायनेल रिचीने ते 1981 साली फ्रँको झेफिरेल्लीच्या त्याच नावाच्या चित्रपटासाठी केलं. सोबत गाणाऱ्या डायना रॉसचे तेव्हा लेक टाहोला कार्यक्रम चालू होते, म्हणून जवळच्या रीनो शहरात, मध्यरात्र उलटून गेल्यावर दोघं स्टुडिओत उभे राहिले आणि उजाडायच्या आत गाणं झालंही. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते 9 आठवडे पहिलं होतं. रॉसचा आवाज तलम, वजनाला हलका. रिचीच्या आवाजाला धक्का न लावता तो वर तरंगतो, आणि काळी पाच दोघांनाही मानवते.

रॉसच्या जागी खालच्या सुरांत भरदार असणारा बाईचा आवाज आला की पंचाईत होते. तिच्यासाठी तीन अर्धे सूर (पेटीवर लागोपाठच्या तीन पट्ट्या) उतरवून पांढरी पाच धरली, तर पुरुषाचं पहिलं कडवं इतकं तळाला जातं की शब्द पुटपुटल्यासारखे येतात. आपल्या सिनेसंगीतात बहुधा बाईची पट्टी धरून पुरुषाला चढायला लावत. डिस्नेच्या ‘अलादीन’मधल्या ‘अ होल न्यू वर्ल्ड’ने वेगळी वाट काढली: तो पांढरी दोनमध्ये सुरू करतो, ती आली की गाणंच पांढरी चारवर जातं. कॅरिओकीवाल्यांना हे जमणारं नाही. त्यांनी ट्रॅक फार तर दोन अर्धे सूर उतरवावा. त्याच्या खाली पियानो आणि व्हायोलिनचा ताफा सुजल्यासारखा वाजतो.

रिचीने 2012 मध्ये ‘टस्कीगी’ हा अल्बम काढला. आपलीच जुनी गाणी, सोबतीला कंट्रीचे, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या संगीताचे गायक. ‘एंडलेस लव्ह’ला त्याने शनाया ट्वेनला घेतलं. तिचा आवाज मधली काही वर्षं बसलेलाच होता, त्यातून ती नुकती सावरत होती. रॉससारखं तरंगणं तिच्याकडून होणार नव्हतं, आणि मला तेच आवडतं. पॉपवाला कंट्रीत घुसला, अशी कुरकुर मात्र करू नये. टस्कीगी हे रिचीचं अलाबामातलं जन्मगाव. 1980 मध्ये कंट्री गायक केनी रॉजर्सला ‘लेडी’ त्यानेच दिलं होतं, आणि ते पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिलं आलं. माणूस आपल्या अंगणातच फिरत होता.

पॉपचं युगुलगीत कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या वादकांपुढे ठेवलं, की ते स्वरांची नावं लिहितच नाहीत. कागदावर नुसते आकडे असतात: 1, 4, 5. आपल्या भाषेत सा, म आणि प वर उभे केलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. जॉर्डनेअर्स या गायकांच्या चौकडीतल्या नील मॅथ्यूजने 1950 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. गायिका म्हणाली, ‘अर्धा सूर खाली घ्या,’ तरी कागद तोच. पेटीवाल्याला यात नवल वाटणार नाही.

नवल वाटावं असं कंट्रीतलं वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. हवाईयन गिटार कानात बसलेल्या आपल्या लोकांना त्याची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ओळखीची वाटते, पण आतली गंमत वेगळी. 10 तारा, डाव्या हातात पोलादी कांब आणि पायाखाली पेडलं. नेहमीच्या रचनेत दोन पेडलं एकदम दाबली, की ग अर्धा सूर चढून म होतो, प पूर्ण सूर चढून ध होतो आणि सा जागचा हलत नाही. म्हणजे 1चा 4 झाला, कांब तसूभरही न सरकता. एक सूर स्थिर आणि त्याला खेटून दुसरे दोन चढत जाणारे, म्हणूनच ते कळवळल्यासारखं ऐकू येतं. उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल असतं. तार छेडून झाल्यावर तो पाय हळूच दाबायचा, म्हणजे नखीचा टणत्कार ऐकू येत नाही. कांब पडद्याच्या रेषेच्या केसभर मागे राहिली तरी सगळं बेसूर होतं. बहुतेक गाणी मात्र बिघडतात ती स्टीलवाला शब्दांवर वाजवत सुटल्यामुळे. त्याची जागा दोन ओळींच्या मधे, गायक श्वास घेतो तेवढीच.

साधी गिटार घेऊन बसणाऱ्याला काळी पाच मुळातच नकोशी, बोटं आखडतात. दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जीचे, म्हणजे पांढरी पाचचे, बोटांचे आकार धरले, की काम सोपं होतं. कापो पडद्याला अगदी खेटून लावायचा आणि स्प्रिंग फार आवळायची नाही, नाहीतर तारा चढतात. त्यातही तिसरी तार आधी. लावल्यावर पुन्हा एकदा सूर जुळवून घ्यायचे असतात. ते सहसा कुणी करत नाही.