हातांची चिठ्ठी वेगळी, पायांची वेगळी

मला एकूण सात गाठी आहेत. डाव्या मनगटावर एक. उजव्या तळहातात, अनामिकेच्या मुळाशी दोन. त्याच हाताच्या दोन बोटांच्या मधल्या सांध्यांवर, वरच्या बाजूने एकेक. आणि दोन्ही तळपायांच्या कमानीत एकेक. आज हे मी सलग सांगू शकते. पण दीड वर्षात एकाही टेबलासमोर मला ही यादी शेवटपर्यंत सांगू दिली गेली नाही, आणि तो राग अजून पुरता निवलेला नाही.

मनगटाच्या गाठीचं लगेच कळलं. डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवून गाठीला टॉर्च टेकवला, तर ती आतून लालसर उजळली. म्हणजे आत पातळ जेलीसारखा द्रव. गँग्लियन. त्रास नसेल तर राहू द्या, कधी कधी आपोआप जाते, सुईने काढली तरी बऱ्याचदा परत भरते, असं त्यांनी सांगितलं. (कुणी जाड पुस्तक आपटून फोडायला सांगितलं तर ऐकू नका. हाताला इजा होते आणि गाठ पुन्हा येतेच.)

खरी अडचण बाकीच्या सहांची होती. तळहातातल्या गाठी वाटाण्याएवढ्या, टणक, कातडीला चिकटलेल्या. तळपायातल्या त्याहून मोठ्या. अनवाणी उभं राहिलं की पायाखाली खडा आल्यासारखं वाटायचं. हाताच्या विभागात मी दोन्हींबद्दल बोलायला लागले, तर डॉक्टर म्हणाले, "पायाचं आपण इथे बघत नाही." त्यांनी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. 'तपासायचा भाग' या रकान्यात दोनच शब्द: उजवा तळहात.

सोनोग्राफीच्या खोलीत हात झाल्यावर मी मोजे काढले. दोन मिनिटांचं काम होतं. यंत्र चालू होतं, जेलची बाटली हाताशी होती. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, चिठ्ठीवर हातच आहे. पायासाठी पायाच्या विभागाची चिठ्ठी आणा." मी विनवलं. त्यांनी तो रकाना बोटाने दाखवला. मी मोजे चढवले आणि बाहेर आले.

पायाच्या विभागाची तारीख सात आठवड्यांनंतरची. तिथे मी हात पुढे केले, तर उत्तर तेच, फक्त उलट बाजूने. टाचदुखीसारखंच काहीतरी असेल, मऊ चपला वापरा, एवढ्यावर बोळवण झाली. सोनोग्राफी मी मागून घेतली. तो रिपोर्ट घेऊन हाताच्या डॉक्टरांकडे परत गेले, तर त्यांच्या फायलीत तो नव्हता. पायाची फाईल वेगळी, तिचा क्रमांक वेगळा. दोन्ही एकत्र करा म्हणून खिडकीवर तीनदा हेलपाटे घातले. एका विभागाचे कागद दुसऱ्या विभागाच्या फायलीत लावता येत नाहीत, हेच तिन्ही वेळा ऐकलं.

मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या झाल्या. गाउटमध्ये यूरिक ॲसिडचे खडे साचून गाठी होतात, म्हणून ते पाहिलं. आमवातातही गाठी येतात, म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. सगळं नॉर्मल. "मग काळजी कशाला?" असं सगळे म्हणाले. पण काय नाही हे कळून रात्री झोप लागत नाही. काय आहे ते कळायला हवं असतं. मी अंधारात अंगठ्याने तळहात चाचपत पडून राहायचे. मनात एकच शब्द असायचा, कॅन्सर, आणि तो तोंडातून निघत नव्हता.

शेवटी नेहमीचे डॉक्टर रजेवर असताना त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसल्या होत्या. मी काही न बोलता चपला काढल्या, एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन तळवा वर केला आणि त्याच्या शेजारी उजवा तळहात उघडून धरला. त्यांनी दोन्ही एकाच वेळी पाहिले. बोटांवरच्या गाठी दाबल्या, बोटं सरळ करून बघितली आणि विचारलं, "घरात कुणाची करंगळी वाकलेली होती का?" माझ्या आजोबांची होती.

तळहातात तो ड्युपुट्रेनचा आजार, तळपायात त्याचाच भाऊ लेडरहोज, आणि बोटांवरचे ते गॅरॉडचे पॅड. तळहातात आणि तळव्यात कातडीखाली एक चिवट पडदा असतो. त्यातल्या पेशी वाढून कोलॅजन साठतं आणि गाठ होते. पुढे कधी कधी हातात तिची दोरी बनते आणि बोट आत ओढलं जातं. कॅन्सर नाही. सहा गाठींचं एकच घराणं होतं, पण हात आणि पाय शेजारी ठेवल्याशिवाय ते दिसणार नव्हतं. आणि नेमकं तेच कुणी होऊ देत नव्हतं. मी तिथेच रडले.

म्हणून सांगते, पहिल्याच भेटीत सगळ्या गाठी एका कागदावर हातापायाचं चित्र काढून दाखवा, आणि चिठ्ठीवर सगळे भाग लिहून घेतल्याशिवाय उठू नका. घरातल्यांचे हात आठवा. गँग्लियन लहानमोठं होत राहतं, तेव्हा फुगलेलं असेल त्या दिवशी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. आणि गाठ भराभर वाढत असेल, पाच सेंटिमीटरच्या वर गेली असेल, रात्री दुखत असेल किंवा बोटं बधिर होत असतील, तर तारखेची वाट पाहू नका, आधीची वेळ मागा.

का होतो, याला उत्तर नाही. ड्युपुट्रेन या फ्रेंच शल्यविशारदाने 1831 मध्ये हाताच्या या आजारावर व्याख्यान दिलं होतं, तरी मुळातून काढणारं औषध अजून नाही. घराण्यात चालतो, मधुमेहींमध्ये जास्त दिसतो, एवढं मला सांगितलं. बोट वाकून अडायला लागलं की सुईने किंवा शस्त्रक्रियेने दोरी सोडवतात. पायातल्या गाठी कापल्या तरी पुन्हा येण्याचं प्रमाण मोठं, म्हणून त्या आम्ही ठेवल्या. बुटाच्या तळाला गाठीच्या जागी खळगा कापून घेतला आणि पहिल्यांदा बाजारातून न लंगडता परत आले.

दर महिन्याच्या एक तारखेला मी तळहात टेबलावर पालथा टेकवते. पूर्ण सपाट टेकला तर ठीक, नाही टेकला तर डॉक्टरांना कळवायचं. या महिन्यात अनामिकेच्या सांध्याखाली कागद सरकवून पाहिला. सरकला नाही.