पिवळ्या रंगाचे साडेचार तास

सकाळी पोह्यांवर जीरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरत आईला म्हटलं, "आज लवकर मोकळा होतो, संध्याकाळी राजवाड्यावर जाऊ." झालं!

क्यूटीमध्ये (Qt, प्रोग्रॅमच्या खिडक्या-बटणं बनवायचं साधन) स्वतःचं एक विजेट, म्हणजे स्क्रीनवरचा एक भाग, केलं होतं, क्यूविजेट या त्यातल्या मूळ विजेटवरून. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंगरूपाच्या नियमांत, पिवळी पार्श्वभूमी, गोल कोपरे. आतल्या लेबलचा फाँट मुकाट्याने बदलला, पार्श्वभूमी मात्र राखाडीच. नियम कुणाला लागू ते ठरवणारा सिलेक्टर सैल केला, तर आतली बटणंही पिवळीधमक, सगळ्यांना हळद लागल्यासारखी!

दुपारी उलगडा झाला. साधं क्यूविजेट ती पार्श्वभूमी रंगवतं, पण त्यावरून केलेला आपला वर्ग (क्लास) आपणहून रंगवत नाही. पेंटइव्हेंट, म्हणजे विजेट रंगवणारं फंक्शन, लिहून त्यात स्टाइलकडून पीई_विजेट (विजेटची पार्श्वभूमी) रंगवून घ्यायचं, नाहीतर डब्ल्यूए_स्टाइल्डबॅकग्राउंड ही खूण चालू करायची. क्यूफ्रेम या चौकटवाल्या विजेटवरून केलं असतं तर ही कटकटच नव्हती. मी खुणेचा, एका ओळीचा उपाय घेतला. आळशी म्हणा हवं तर.

कौतुकाने आईला स्क्रीन दाखवली.

"एवढं पिवळं? डोळ्यांना खुपतंय रे."

राजवाडा राहिलाच. रात्री साडेनऊला सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस तेवढा खाल्ला. आणि हो, रंग आता फिकट केलाय.