पाणी, पाऊस आणि खानापूरची बस

पहाटे पाचला उठले की सकाळ आपल्या ताब्यात राहते, हा सल्ला ज्यांच्या नळाला ठरलेल्या वेळी पाणी येते त्यांनीच दिलेला असावा. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी असते, तिथली गोष्ट वेगळी. आमच्या गल्लीत ते काही दिवसांच्या अंतराने येते आणि नेमके केव्हा येणार, हे व्हॉल्व्हमनखेरीज कोणालाही ठाऊक नसते. शहराची तहान भागते ती मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयावर आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणावर. पाणी पंपांनी उचलून आणावे लागत असल्याने वीज गेली की पाण्याचा दिवसही पुढे सरकतो. बाहेर मुसळधार पाऊस आणि घरात कोरडा नळ, हे दृश्य म्हणूनच आम्हाला नवे नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी कणीक मळून हात पिठात असतानाच शेजारच्या अक्कांनी फाटकाची कडी वाजवून हाक दिली, "अक्का, नीरु बंतु!" त्या घरी कन्नड बोलतात, आम्ही मराठी, पण पाण्याची वर्दी त्या न चुकता आधी आम्हाला देतात आणि मग आपली मोटर लावतात. गॅस बंद करून मी बाहेर धावले. पावसाळ्यात पहिले पाणी गढूळ येते, ते बादलीत धरून धुण्यासाठी ठेवायचे, मग नळाच्या तोंडाला सुती फडके बांधून पिण्याच्या घागरी भरायच्या आणि शेवटी पाइप हौदात सोडायचा. फडके दोनदा सोडून पिळावे लागले, कारण त्यात बारीक लाल गाळ साचून पाण्याची धार मंदावत होती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे उठबस जमत नाही, परंतु हौदाशेजारी स्टूल घेऊन बसणे आणि पाणी काठाशी आले की आवाज देणे, हे काम त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतले आहे. त्यांच्यामुळेच मी आत जाऊन चपात्या लाटू शकले. भाजी राहिली ती राहिलीच. डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी गेली.

अशा सकाळी वेळापत्रक पाळण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. घड्याळाप्रमाणे आखलेले एक काम हुकले की पुढची सगळीच हुकल्यासारखी वाटतात आणि चिडचिडीत आणखी वेळ जातो. त्याऐवजी कामांचा क्रम मनात पक्का असावा आणि त्यातले काय गाळता येईल हेही आधी ठरलेले असावे. आमच्या घरी पाणी, औषधे आणि डबे गाळता येत नाहीत. झाडलोट, भाजी आणि घड्या घालायचे कपडे खुशाल गाळता येतात. चिकाटी म्हणताना मला एवढेच अभिप्रेत आहे, की मध्येच तुटलेले काम जिथे तुटले तिथून, फारशी खंत न करता, पुन्हा हाती घ्यावे.

कृतज्ञतेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. रात्री वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहून काढण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला ते फारसे जमले नाही, कारण 'आरोग्य', 'कुटुंब', 'निसर्ग' असे शब्द लिहिताना मन कुठेच टेकत नाही. घाईच्या वेळी उपयोगी पडते ते नेमक्या माणसाचे नेमके काम लक्षात घेणे, आणि शक्य झाल्यास तिथल्या तिथे त्याला तसे सांगणे. त्या दिवशी खानापूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत शिकवायला निघाले, तर तिलकवाडीतले रेल्वेगेट पडलेले होते. माझी नेहमीची बस चुकणार हे दिसत असूनही रिक्षावाल्या काकांनी रिक्षा बंद केली, पुढचा पडदा खाली ओढून माझी बाजू पावसापासून झाकली आणि गाडी गेल्यावर थेट गोवावेसच्या बसथांब्यावर आणून सोडले. नेहमीच्या भाड्याहून एक रुपयाही जास्त मागितला नाही. "काका, तुमच्यामुळे निदान कोरडी पोहोचले," एवढे मी म्हणाले, तर त्यांचाही चेहरा खुलला.

नेहमीची बस गेलेलीच होती आणि पुढची उशिरा आली, तीही गच्च भरून. कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी 'शक्ती' योजना सुरू झाली आणि राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यांतर्गत प्रवास मोफत झाला. तेव्हापासून बसमधील गर्दीबद्दल 'फुकट्या' बायकांना बोल लावण्याची अनेकांना सवय लागली आहे. मला ते पटत नाही. त्या बसमध्ये माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावशी बेळगावच्या बाजारात पालेभाजी विकून रिकामी बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन गावी परतत होत्या. तिकिटाचे पैसे वाचतात म्हणून आता रोज येणे परवडते, असे त्या सांगत होत्या. त्यांनी बुट्टी पायांत धरली आणि मला दांडा पकडण्यापुरती जागा करून दिली. गर्दीचे उत्तर जास्त बस हे आहे, त्यांनी घरी बसावे हे नव्हे.

खानापूरहून पुढे वडापने, म्हणजे माणसे भरून नेणाऱ्या खासगी गाडीने, जावे लागते. मलप्रभा याच तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते, आणि जुलैत इथला पाऊस काय असतो हे खानापूरकरांना सांगण्याची गरज नाही. मी शाळेत पोहोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी क्षीरभाग्य योजनेचे दूध तापवून मुलांना वाटले होते, भिजून आलेल्या दोघांना चुलीजवळ बसवले होते आणि त्यांच्या प्लास्टिकच्या खोळी खिडकीला टांगल्या होत्या. वर्गात चौथीची एक मुलगी फळ्यासमोर उभी राहून सतराचा पाढा म्हणून घेत होती. तिला मध्येच न थांबवता मी मागच्या बाकावर बसले आणि पाढा संपल्यावर गणित आधी, मराठी नंतर, असा तास फिरवला.

आभार मानले म्हणजे तक्रार करायची नाही, असे मी मानत नाही. उलट ज्यांनी आपली सकाळ सावरली त्यांच्यावर रोज तोच भार पडू नये, यासाठी तक्रार करायलाच हवी. सकाळच्या वेळेत खानापूर मार्गावर आणखी एक बस मिळावी म्हणून अर्ज तयार केला आहे. शिक्षक आणि पालकांच्या सह्या गोळा होत आहेत, बाजारकरी मावशींनीही अंगठा द्यायची तयारी दाखवली आहे. अर्ज कन्नडमध्ये द्यायचा असल्याने आमच्या शाळेतले कन्नडचे सर मसुदा तपासत आहेत आणि पहिल्याच परिच्छेदातल्या माझ्या तीन ओळी त्यांनी लांबलचक म्हणून काढून टाकल्या आहेत.