लीजवर सही करण्याआधी इमारतीचं पान वाचा

न्यूयॉर्कमध्ये जुन्या इमारतीत भाड्याचं घर बघायला जायचं ठरलं की मी आधी पत्ता मागून घेते आणि शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या, साइटवर टाकते. रहिवाशांच्या तक्रारी, इन्स्पेक्टरने लावलेली वायोलेशन्स (म्हणजे नियमभंगाच्या नोंदी), त्यातली मिटलेली कोणती आणि उघडी कोणती, मालक आणि मॅनेजर म्हणून कुणाची नावं आहेत, हे सगळं तिथे फुकट वाचायला मिळतं. माझं लहानपण गिरगावात, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या जुन्या इमारतीत गेलं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढायची. यादीत आपली इमारत नाही, एवढंच त्यातून कळायचं. जिना कधीपासून तसाच आहे, शेजारच्यांनी काय काय कळवलंय, हे कागदावर कुठेच नसायचं. इथे ते आहे, आणि आपली माणसं ते न वाचता सही करतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

जुनी इमारत वाईटच असते असं मुळीच नाही. शहराच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्स, सनीसाइड, वुडसाइडमध्ये 1920-30 च्या दशकांतल्या विटांच्या इमारती आहेत. भिंती जाड, खोल्या ऐसपैस, लाकडी जमीन. मला त्याच आवडतात. फक्त त्या कुणी कशा सांभाळल्या ते बघावं लागतं.

वायोलेशन्सचे मुख्य वर्ग तीन. ए म्हणजे धोका नसलेलं, दुरुस्तीला 90 दिवस. बी म्हणजे धोकादायक, 30 दिवस. सी म्हणजे तातडीचा धोका. त्याला बहुधा 24 तासच मिळतात, शिशाच्या रंगासारख्या कामांना थोडे जास्त. एकूण आकड्यावर मी फारसं जात नाही. साठ घरांच्या इमारतीत दहा वायोलेशन्स असणं आणि सहा घरांच्या इमारतीत दहा असणं यात खूप फरक आहे. पान कोरं असलं तरी मी निश्चिंत होत नाही, कारण व्हिसाच्या किंवा मालकाच्या भीतीने कुणी तक्रारच करत नाही अशाही इमारती असतात. मी सी वर्ग बघते आणि तारखा बघते.

गेल्या वर्षी वुडसाइडला आम्हाला एक घर खूप आवडलं होतं. दोन बेडरूम, भरपूर ऊन, सात नंबरची ट्रेन जवळ. ब्रोकर म्हणाला, बॉयलर (सगळ्या इमारतीला हीट आणि गरम पाणी पुरवतो तो) नवा आहे. इमारतीचं पान उघडलं तर सलग काही हिवाळे डिसेंबर-जानेवारीत ‘हीट नाही, गरम पाणी नाही’ अशा तक्रारींची रांग, वायोलेशन्स मात्र अगदी थोडी. हे नीट समजून घ्या. 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन केला की तक्रार नोंदली जाते. वायोलेशन लागतं ते इन्स्पेक्टरला येऊन दोष दिसला तरच. तो येईपर्यंत हीट परत सुरू झालेली असेल, किंवा दार उघडायला घरी कुणी नसेल, तर तक्रार बंद होते आणि वायोलेशन लागत नाही. म्हणून मी दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचते. एकाच घराच्या तक्रारी असतील तर त्या घराचा रेडिएटर बिघडलेला असू शकतो. पण एकाच दिवशी दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मजल्यावरून फोन गेले असतील तर दोष बॉयलरचाच असणार. नवा बॉयलर बसवला की त्याची कागदपत्रं शहराच्या बिल्डिंग्ज खात्याच्या, म्हणजे बांधकामांना परवानगी देणाऱ्या खात्याच्या, नोंदीत दिसायला हवीत. तिथे शोधलं, काही नव्हतं. आम्ही ते घर सोडलं.

हीटचा नियम पाठच करून ठेवा. 1 ऑक्टोबर ते 31 मे, सकाळी 6 ते रात्री 10, बाहेर 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान 68, म्हणजे 20 सेल्सिअस, असलंच पाहिजे. रात्री बाहेर काहीही असो, घरात किमान 62.

‘बंद’ लिहिलेलं वायोलेशन म्हणजे काम झालंच असंही समजू नका. दुरुस्ती केली असं मालक स्वतः लिहून देतो. पुन्हा तपासणी झाली नाही तर ठरावीक मुदतीनंतर नोंद मिटते. तोच नळ, तीच गळती, तोच घर नंबर वर्षभराने पुन्हा आला असेल तर आधीचं काम वरवरचं होतं हे उघड आहे.

माझी मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे शिशाचा भाग मी दोनदा वाचते. या शहरात घरांमध्ये शिशाच्या रंगावर 1960 मध्ये बंदी आली, देशभर 1978 मध्ये. त्याआधीच्या भिंतींवर तो रंग थरांखाली अजून असू शकतो. थर शाबूत असले तर चालतं. खिडकी वर-खाली करताना चौकट घासते, भुकटी पडते, आणि लहान मुलं तिथेच हात टेकून बाहेर बघतात. सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर शहराच्या 2004 च्या कायद्याप्रमाणे (लोकल लॉ 1) मालकावर तपासणीची आणि दुरुस्तीची जबाबदारी आहे. नोंदीत घर नंबर असतो, तेव्हा आपण घेणार त्याच घराचं जुनं शिशाचं वायोलेशन आहे का ते बघा आणि काम कसं केलं ते लेखी विचारा. घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का हे विचारणारा कागद लीजबरोबर येतो. घर हातचं जाईल या भीतीने तिथे ‘नाही’ लिहू नका. पोराच्या रक्तात गेलेलं शिसं मेंदूला करतं ते नुकसान भरून येत नाही.

दुसरी गोष्ट दारांची. 9 जानेवारी 2022 ला ब्राँक्समध्ये ट्विन पार्क्स इमारतीत स्पेस हीटरमुळे, म्हणजे हीट कमी पडली की लोक खोलीत लावतात त्या विजेच्या हीटरमुळे, आग लागली. आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारं उघडीच राहिली, धूर जिन्यातून वर गेला आणि 17 माणसं गेली, त्यात 8 मुलं. घर बघायला गेले की मी दार पूर्ण उघडून सोडून देते. ते स्वतःहून लागून खटका अडकला पाहिजे. ‘सेल्फ-क्लोझिंग डोअर’चं उघडं वायोलेशन आणि हीटच्या तक्रारी एकाच पानावर दिसल्या तर मी तिथे घर घेणार नाही, भाडं कितीही कमी असो.

शिकायला येणाऱ्या मुलांना क्वीन्समध्ये स्वस्त बेसमेंट हमखास दाखवतात. तिथे एचपीडीचं पान पुरत नाही. बिल्डिंग्ज खात्याच्या नोंदीत ती जागा राहण्यासाठी मंजूर आहे का ते बघावं लागतं. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या रात्री शहरात बेसमेंटमध्ये पाणी शिरून 11 जण बुडाले, त्यातले बहुतेक क्वीन्समधले. तुमचा भाचा-पुतण्या येणार असेल तर हे त्याला फोनवर नक्की सांगा.

आम्ही शेवटी जॅक्सन हाइट्सला भाड्याने घर घेतलं. त्या इमारतीवरही उघडी वायोलेशन्स होती, पण बहुतेक ए वर्गाची, आणि सी वर्गातली जुनी सगळी मुदतीत मिटलेली. लिफ्टपाशी एक आजी भेटल्या. हिवाळ्यात कसं असतं विचारलं तर म्हणाल्या, पहाटे पाइप ठणठण वाजतात, पण घर ऊबदार असतं. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या ओलीचं बी वर्गाचं वायोलेशन अजून उघडं होतं. ते किल्ल्या मिळण्याआधी दुरुस्त होईल असं लीजच्या रायडरमध्ये, म्हणजे जोडलेल्या जादा अटींच्या कागदात, तारखेसह लिहून घेतलं, आणि गेल्या वर्षात ढेकूण झाले होते का त्याचा फॉर्म मागितला, जो मालकाला द्यावाच लागतो. दहा वर्षांपर्यंतचं मूल असेल तर खिडक्यांना गार्ड बसवून देणंही त्याच्यावरच आहे. ते बसले, सिंकखाली हात फिरवून कोरडं असल्याचं पाहिलं, आणि मगच आम्ही सामान हलवलं.