सातबाऱ्यावरचा चार्ज

“बाई, चार्ज किती लागन?”

काका दारातूनच विचारत होते. काटोलकडचे संत्रा बागायतदार, चपला बाहेर काढलेल्या, काखेत पिशवी, सोबत साळा. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या जवळ मी एकोणीस वर्षं कागदपत्रांचे अनुवाद करते. बसण्याआधी पैशांचं विचारणारी माणसं मला नवी नाहीत. आधी कागद दाखवा म्हटलं, तर त्यांनी पिशवीतून काढलेला कागद देताना हात थरथरत होता.

“अटकपूर्व जामीन करायचा हाय,” साळा म्हणाला. वकील गाठण्याआधी कागद मराठीत करून घ्या, असं गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. जामिनाला लागतील म्हणून वीस हजार रुपये रुमालात बांधून आणले होते.

कागद एकाच पानाचा होता. बँकेनं पटवाऱ्याला इंग्रजीत लिहिलेलं पत्र, त्याची प्रत काकांना. विहिरीसाठी घेतलेलं कर्ज व्याजासकट फिटलं, सबब गट क्रमांक अमुकवरचा ‘चार्ज’ आता ‘डिस्चार्ज’ झाला आहे, तशी नोंद घ्यावी. बस, एवढंच. पण घरी बारावीतल्या मुलीनं त्याचा फोटो काढून मोबाइलवर मराठी केलं होतं. मोबाइलनं लिहिलं: ‘तुमच्या जमिनीवरील आरोप सोडण्यात आला आहे.’ सोडण्यात आला म्हणजे काय? कुत्रं सोडतात, पाणी सोडतात, तसा आरोप सोडला, असं त्या घरानं समजून घेतलं. चार रात्री काका झोपले नव्हते. आंबिया बहाराची झाडं फुलावर असताना माणूस बागेत पाय ठेवत नव्हता, पोलीस येतील म्हणून.

मी म्हटलं, “काका, तुमचं कर्ज संपलं. हे चांगलं पत्र आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “मंग त्यात आरोप काहून लिवला? म्या त एक हप्ता नाही चुकवला जी.”

नुसतं ‘आरोप नाही’ म्हणून चालणार नव्हतं. मुलीनं स्वतः वाचलेलं खोटं आणि माझं खरं, असं तिनं किंवा त्यांनी का मानावं? हा शब्दच त्यांच्यासमोर उघडून ठेवावा, असं मला वाटलं. मी विचारलं, “काका, तुम्ही आत्ता मला चार्ज किती म्हणालात, तो कोणता आरोप होता?” ते गोंधळले, मग म्हणाले, “तो मजुरीचा.” साळ्यानं पुढं भर घातली: मोबाइल चार्ज करतात, गावात नव्या ग्रामसेवकानं चार्ज घेतला, मोर्चावर लाठीचार्ज होतो. इंग्रजी न शिकलेल्या दोघांनी मिनिटभरात चार अर्थ सांगितले. पाचवा, गुन्ह्याचा, त्यांना मोबाइलनं शिकवला. सहावा जमिनीचा, तो पत्रात होता.

कपाटातला मोठा कोश मी काढला. या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. पहिल्याच वर्षी मी त्यावर चुकले होते, आणि वकिलांनी कागद परत पाठवला होता. तेव्हापासून त्याचं मूळ मला पाठ आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी. हा शब्दही रोमनांचा स्वतःचा नव्हे, गॉल प्रदेशातल्या लोकांकडून उचललेला. त्यावरून ‘कारिकारे’, गाडीत माल भरणं. ते फ्रेंचमध्ये जाऊन ‘शार्ज’ झालं आणि तेराव्या शतकात इंग्रजीत आलं ते ‘ओझं’ या साध्या अर्थानं. कार, कार्गो, कॅरी, करिअर ही सगळी त्याच घरातली. बाकीचे अर्थ एकेक करून त्या गाडीवर चढले. जबाबदारीचं ओझं, पैशांचं ओझं, दोषाचं ओझं. बंदुकीत एका वेळी ठासायची दारू, तोही चार्ज. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिननं लायडन बरणीत वीज साठवण्याबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला, आणि तिथून तो साळ्याच्या मोबाइलपर्यंत आला.

लाठीचार्ज हा शब्द मात्र मी त्या रांगेत पटकन म्हणू शकत नाही. नागपूरचं कुणीच म्हणू शकत नसावं. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीचार्ज आणि चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. सीताबर्डीतल्या स्मारकावरून जाताना तो शब्द मला कोशातला राहत नाही.

“म्हणजे बंडी भरनं,” काका एकदम म्हणाले.

“बंडी भरणंच. आणि डिस्चार्ज म्हणजे?”

“खाली करनं.”

मग मी त्यांना सातबारा विचारला. पिशवीत होताच. ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवलं: बँकेचं नाव, रक्कम, आणि मागे एक शब्द, बोजा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये ज्याला चार्ज म्हणतात, त्याला आमच्या महसुली दप्तरात बोजा म्हणतात. आणि तो बोजा चढवतात, उतरवतात; बँकेत, तहसिलीत, पटवाऱ्याकडे बहुतेक हीच क्रियापदं कानावर येतात. इंग्रजीनं ज्या शब्दातली गाडी केव्हाच विसरून टाकली, ती आमच्या पटवाऱ्याच्या दप्तरात अजून उभी आहे. मला याचा फार आनंद होतो. सरकारी मराठीतही पदभार, कार्यभार, प्रभार, सगळीकडे भारच. फार काय, ‘आरोप’सुद्धा संस्कृतात मुळात चढवणंच, रुह् म्हणजे चढणं, म्हणून आरोपण. मोबाइलची चूक अशी की त्यानं चढवण्याचा एक शब्द घेतला, पण कोर्टातला घेतला, शेतातला घेतला नाही. बोजा आणि आरोप यांत मूळचं अंतर फार नसेल, पण एक जमिनीवर चढतो, दुसरा माणसाच्या अब्रूवर. त्या अंतरानं एक घर चार रात्री जागं होतं.

अनुवाद मी तिथंच केला. ‘सदर जमिनीवरील बँकेचा बोजा उतरविण्यात आला आहे.’ ‘प्रभार’ लिहिलं असतं तर कायद्याला धरून झालं असतं, पण काकांना पुन्हा कुणाला तरी विचारावं लागलं असतं. खरं तर या कागदाला अनुवाद लागतही नव्हता. हा कागद आणि बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, घेऊन पटवाऱ्याकडे जा, फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, करून घ्या, आणि बोजा कमी झालेला नवा सातबारा हातात आल्याशिवाय निश्चिंत होऊ नका, हे मात्र मी त्यांना दोनदा सांगितलं. पैसे घेतले नाहीत. काका ऐकेनात, तेव्हा बागेतली संत्री पाठवा म्हटलं.

रुमालाची गाठ पुन्हा नीट बसवून ते व्हरांड्यात गेले आणि घरी फोन लावला. काच उघडी होती, म्हणून ऐकू आलं.

“अवं, आरोप नोय तो. बोजा होता, आपला इहिरीचा. अन् तो उतरला. पोरीले सांग, झोप म्हना.”